आक्षेपाकडून आस्वादाकडे

व्हित्तोरिओ दे सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' अमेरिकेत पोचला तेव्हा हॉलिवूडची आचारसंहिता राबवण्याचं काम जोसेफ ब्रीन या कॅथलिक गृहस्थाकडे होतं. त्याने दोन ठिकाणी कात्री लावायला सांगितली: छोटा ब्रुनो भिंतीशी लघवीला उभा राहतो तिथे, आणि चोरामागे धावताना बापलेक वेश्यागृहात शिरतात तिथे. दे सिका ऐकेना, म्हणून ब्रीनने प्रमाणपत्र नाकारलं. सिनेमाच्या शंभरीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी काढली, तीत 'मूल्ये' या विभागात हाच चित्रपट आहे, दोन्ही प्रसंगांसकट!

ब्रीनची पद्धत त्याची एकट्याची नव्हती. संहितेचा मसुदा १९३० मध्ये डॅनियल लॉर्ड या जेझुइट धर्मगुरूनेच लिहिला होता. १९३४ पासून 'लीजन ऑफ डीसन्सी' ही कॅथलिक संघटना चित्रपटांना श्रेणी देऊ लागली. 'सी' म्हणजे निषिद्ध. असले चित्रपट पाहणार नाही, अशी शपथ लोक चर्चमध्ये उभं राहून घेत. १९३६ मध्ये पोप अकरावे पायस यांनी या चळवळीची पाठ थोपटली. परीक्षण म्हणजे पापांची मोजदाद: कोण कुणाबरोबर निजलं, घटस्फोट झाला का, गुन्हेगाराला शिक्षा मिळाली का. मोजणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण गोष्ट कुणाची चालली आहे, इकडे त्यांचं लक्ष नसे.

त्याची किंमत रोस्सेलिनीच्या 'द मिरॅकल'च्या वेळी मोजावी लागली. रानात भेटलेल्या परक्या माणसाला एक भोळी बाई संत योसेफ समजते, तिला दिवस जातात, आणि गाव तिची टिंगल करतं. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्डिनल स्पेलमन यांनी या चित्रपटावर बहिष्काराची हाक दिली, राज्याने परवाना काढून घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५२ मध्ये निकाल लागला, की चित्रपटालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे. ज्या हत्याराने हा चित्रपट अडवला, तेच हत्यार त्यामुळे बोथट झालं. मला मात्र ती टिंगल सोसणारी बाई शुभवर्तमानाच्या फार जवळची वाटते.

'द मिरॅकल'मधल्या परक्या माणसाचं काम केलं होतं फेदेरिको फेलिनीने. १९६० मध्ये त्याच्या 'ला दोल्चे व्हिता'वर व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने झोड उठवली. नाझारेनो ताद्देई या जेझुइट समीक्षकाने चित्रपटाची बाजू घेतली आणि वरिष्ठांचा रोष ओढवून घेतला. माझ्या लेखी या साऱ्या इतिहासातला खरा समीक्षक तोच. पुढे १९९५ च्या यादीत फेलिनीचे दोन चित्रपट आले.

इटालियन दिग्दर्शक पाझोलिनीची कथा आणखी अजब. नास्तिक, मार्क्सवादी, समलिंगी. १९६३ मध्ये एका लघुपटात धर्माचा अवमान केल्याबद्दल न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. दुसऱ्याच वर्षी त्याने मत्तयच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला, पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला अर्पण केला, आणि व्हेनिसमध्ये आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कार मिळवला. ख्रिस्तकथेतून कुणाला काय दिसेल, याचा नेम नाही. दादासाहेब फाळक्यांना मुंबईत ती पडद्यावर पाहताना कृष्ण दिसला होता. १९६८ मध्ये त्याच कॅथलिक संघटनेच्या ज्युरीने पाझोलिनीच्या 'तेओरेमा'ला गौरवलं, तेव्हा मात्र व्हॅटिकन भडकलं. म्हणजे वाट सरळ नव्हतीच.

१९७४ पासून कानच्या चित्रपट महोत्सवात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट ज्युरी एकत्र बसू लागले. त्या वर्षी त्यांनी निवडला फासबिंडरचा चित्रपट: साफसफाईचं काम करणारी प्रौढ जर्मन विधवा आणि तिच्याहून कितीतरी लहान मोरोक्कन कामगार यांचं लग्न. त्यात ना येशू, ना क्रूस. शेजाऱ्याशी आपण कसे वागतो, एवढाच प्रश्न.

व्हॅटिकनच्या यादीबद्दल माझी एक तक्रार आहे. तीत 'बेन-हर' आहे, 'द विझर्ड ऑफ ऑझ'सुद्धा आहे; पण खेड्यातल्या आजारी, एकाकी पाद्र्याची रोजनिशी पडद्यावर आणणाऱ्या रोबेर ब्रेसाँचा एकही चित्रपट नाही.