आपली साळुंकी, त्यांचं बेट

मॉरिशस म्हटलं की डोडो आठवतो. हा न उडणारा गलेलठ्ठ पक्षी माणसांनी मारून खाल्ला आणि संपवला, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. ते पुरतं खरं नाही. डच खलाशी १५९८ साली या बेटावर उतरले आणि डोडो शेवटचा दिसल्याची बहुतेकांनी मान्य केलेली नोंद १६६२ ची आहे. त्या काळात बेटावर माणसं अशी किती होती? अगदी थोडी. पण जहाजांबरोबर उंदीर, डुकरं आणि माकडं आली होती. डोडोचं घरटं जमिनीवर. अंडी खाणारं कोणी येईल, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

वटवाघळं सोडली तर मॉरिशसच्या जमिनीवर मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. मांजर नाही, मुंगूस नाही, उंदीरही नाही. लाखो वर्षं शत्रूच पाहिला नाही, तर पळायचं कशाला आणि घरटं लपवायचं कशाला? बेटावरचे जीव असे बिनधास्त वाढतात. दार उघडं टाकून झोपणाऱ्या गावासारखे. मग एक दिवस चोर येतो आणि गावाकडे कडीसुद्धा नसते.

हे चोर कोण, याची यादी मी पाहिली तेव्हा चपापलो, कारण त्यातले बरेचसे आपल्या ओळखीचे. आपल्या अंगणातली साळुंकी १७६२ च्या सुमारास भारतातून मुद्दाम नेली गेली, टोळधाड आवरावी म्हणून. हेतू चांगला होता. पण साळुंकी झाडांच्या ढोलीत घर करते आणि तिथल्या दुर्मीळ हिरव्या पोपटालाही ढोलीच लागते. आपला कंठवाला पोपटही पिंजऱ्यातून सुटून तिथे वाढला आणि ढोलींवर हक्क सांगू लागला. प्लेगच्या दिवसांत उंदीर मारावेत म्हणून १९०० साली मुंगूस नेलं. उंदीर बहुतेक रात्री फिरतो, झाडावर चढतो. मुंगूस हिंडतं दिवसा, जमिनीवर. त्याने उंदीर खाल्ले असतील, पण पक्ष्यांनाही सोडलं नाही.

सगळ्यांत चटका लावणारी गोष्ट चिचुंद्रीची. मॉरिशसच्या उत्तरेला फ्लॅट आयलंड नावाचं छोटं बेट आहे. तिथे नारिंगी शेपटीची एक सापसुरळी होती, जगात दुसरीकडे कुठेही नसलेली. २०१० मध्ये त्या बेटावर चिचुंद्री आढळली आणि पाहता पाहता सापसुरळी तिथून नाहीशी झाली. सुदैवाने अभ्यासकांनी त्याआधीच काही सापसुरळ्या जवळच्या गनर्स कॉइन बेटावर नेऊन सोडल्या होत्या. म्हणून ती जात आज जिवंत आहे.

इथे एका शब्दापाशी थांबतो, कारण शब्द हाच माझा व्यवसाय. अशा जीवांना आपण सहज ‘परके’ म्हणतो. शास्त्र मात्र तसं म्हणत नाही. मॉरिशसचा ऊस परकाच आहे, पण तो शेतात राहतो, जंगलात घुसत नाही. परका असणं हा दोष नाही. नव्या जागी बेसुमार पसरून तिथल्या जीवांचं जगणं अशक्य करणं, हा दोष आहे. म्हणून योग्य शब्द ‘आक्रमक’. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो, कारण ‘परका’ हा शब्द झाडाझुडपांवरून माणसांवर यायला वेळ लागत नाही. मॉरिशसमध्ये तर सगळीच माणसं बाहेरून आलेली. इंग्रजी अमलात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांची नातवंडं-पतवंडंही त्यात आहेत. जन्म कुठला हे विचारून निवाडा करायचा नसतो, वागणं पाहून करायचा असतो. साळुंकीसुद्धा इथे गुन्हेगार नाही. तिला तिथे नेणारा माणूस जबाबदार.

मग उपाय काय? पहिला उपाय दाराशी. मॉरिशसच्या विमानतळावर फळं, रोपं, बिया परवान्याशिवाय नेऊ देत नाहीत. प्रवाशाला राग येतो, एका आंब्याने काय होणार? पण आपल्या आंब्याला छळणारी फळमाशी १९९६ साली तिथे सापडली. सापळे आणि आमिषं लावून १९९९ पर्यंत तिचा नायनाट केला. पुढे ती पुन्हा शिरली. माशीला एक फळ पुरतं, सरकारला मात्र वर्षं लागतात.

दुसरा उपाय, छोट्या बेटांची सफाई. राउंड आयलंड हे जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं बेट. तिथे उंदीर कधी पोहोचलेच नाहीत, पण माणसांनी सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी कोवळं रोप जगू दिलं नाही. जमीन उघडी पडली, माती समुद्रात गेली. जमिनीत राहणारा तिथला एक दुर्मीळ साप १९७५ नंतर कोणाला दिसलेला नाही. शेवटच्या शेळ्या १९७९ मध्ये आणि ससे १९८६ मध्ये हटवले, आणि ताडाची रोपं पुन्हा डोकं वर काढू लागली. तिथे जाणाऱ्याच्या पिशव्या आता आधी तपासतात. एखादं बी किंवा मुंगीही जाऊ नये म्हणून.

तिसरा उपाय कष्टाचा. मोठ्या बेटावर लाल पेरूची दाट झुडपं जंगल गिळतात. लोक त्याला चिनी पेरू म्हणतात, मूळचा तो ब्राझीलचा. हंगामात कुटुंबंच्या कुटुंबं तो तोडायला रानात जातात आणि डुकरं तो खाऊन बिया पसरवतात. जो शत्रू चवीला गोड, त्याच्याशी लढायचं कसं? वनखात्याने जंगलाचे तुकडे कुंपणात घेतले. आत माणसं हाताने झुडपं उपटतात, आणि काही काळाने पुन्हा उपटतात. ही लढाई जिंकायची नसते, रोज लढायची असते.

गंमत म्हणजे मदतीला आणलेला एक जीवही बाहेरचाच आहे. मॉरिशसची मोठी कासवं माणसाने संपवली, तेव्हा त्यांच्या जागी अल्दाब्रा बेटांवरची कासवं आणून सोडली. इल ओ एग्रेत या छोट्या बेटावर ती तिथल्या आबनूसाची फळं खातात आणि बिया दूरवर टाकतात. तिथे नवी रोपं उगवली आहेत. परका आणि आक्रमक यांतला फरक यापेक्षा सोप्या भाषेत कोण सांगणार?

हे सगळं दूरच्या बेटाचं, असं समजू नका. गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात नजरेस आलं आणि पुढे देशभर पसरलं. नद्यांवरची जलपर्णी आपण दरवर्षी काढतो आणि दरवर्षी ती परत येते. तेव्हा एवढंच करू या. परदेशातून येताना आवडलेल्या रोपाची फांदी पिशवीत दडवू नये. काचपेटीतले मासे कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडू नयेत. दया म्हणून सोडलेला एक मासा तळ्यातल्या शंभर माशांच्या जिवावर उठू शकतो. चोर घरात शिरल्यावर धावाधाव करण्यापेक्षा कडी लावणं सोपं.