कर्व्ह म्हणजे नेहमी वळण नव्हे

रिसर्च पेपर वाचायला लागलात की 'कर्व्ह' हा शब्द पानोपानी भेटतो. शाळेत त्याचा अर्थ 'वक्र' किंवा 'वळण' असा पाठ केलेला असतो. पण तेवढ्यावर पेपर वाचला तर घोळ होतो.

मालवणचंच उदाहरण घ्या. नकाशात मालवणहून तारकर्ली, देवबागकडे जाणारी किनाऱ्याची रेषा कर्व्ह आहे. हा खऱ्या जागेचा आकार. दोन्ही अक्षांवर अंतरच.

आता त्याच समुद्राचा टाइड कर्व्ह बघा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर पाण्याची उंची. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं. कागदावर डोंगर-दरीसारखी रेषा दिसते, पण जेटीवर उभं राहिलात तर तसा आकार समुद्रात कुठेच दिसणार नाही. पाणी फक्त चढतं आणि उतरतं. म्हणजे हा कर्व्ह जागेचा नाही, दोन राशींमधल्या नात्याचा आहे. संशोधनात बहुतेक वेळा हाच अर्थ असतो.

म्हणूनच सरळ रेषासुद्धा कर्व्ह असू शकते! लॅबमध्ये ज्ञात तीव्रतेची द्रावणं घेऊन आपण कॅलिब्रेशन कर्व्ह काढतो. द्रावण विरळ असेल तर बिअर-लॅम्बर्ट नियमाप्रमाणे तो सरळच येतो, आणि तसाच यायला हवा. गणितात सरळ रेषा हा कर्व्हचाच एक खास प्रकार. इथे 'वक्र' असं भाषांतर केलंत, तर वाचणारा वाकडेपणा शोधत बसेल. 'कॅलिब्रेशनची आलेखरेषा' म्हणा, अर्थ लगेच कळतो.

'स्टीप लर्निंग कर्व्ह' तर आणखी फसवा. आडवा सराव, उभं कौशल्य असा आलेख काढला तर चढ तीव्र असणं म्हणजे पटकन शिकणं. बोलण्यात मात्र लोक 'शिकायला अवघड' अशा उलट अर्थाने तो वापरतात. थिसिसमध्ये असा शब्द टाकलात आणि परीक्षकाने दुसरा अर्थ घेतला, तर तुमचा निष्कर्षच उलटा होतो. त्यापेक्षा किती सरावात किती चुका कमी झाल्या, ते आकड्यांत लिहा.

तेव्हा कर्व्ह दिसला की आधी अक्ष वाचा: आडवं काय, उभं काय, एककं कोणती. आकाराकडे त्यानंतर बघा. स्वतः लिहाल तेव्हाही नुसतं 'कर्व्ह वर जातो' लिहू नका. काय वाढल्यावर काय वाढतं, ते सांगा.