बोगद्यातली म्हातारी आणि झिंक्याची परेतिन दाई

मोमो अयासे या शाळकरी मुलीचा भुतांवर विश्वास आहे. ती आजीच्या घरी वाढली आणि आजी भूतबाधा उतरवण्याचं काम करते, तेव्हा त्यात नवल काहीच नाही. तिच्याच शाळेतल्या एका एकलकोंड्या मुलाला मात्र भुतं म्हणजे भाकडकथा वाटतात. परग्रहावरून कुणी येतं याबद्दल त्याला तिळमात्र शंका नाही. दोघांची पैज लागते. उडत्या तबकड्या उतरतात असं म्हणतात त्या पडीक इस्पितळात तिनं जायचं, आणि त्यानं झपाटलेल्या बोगद्यात. त्या रात्री तिला परग्रहवासी पळवून नेतात आणि त्याला एक अचाट वेगानं धावणारी म्हातारी धरते. दोघांचंही म्हणणं खरं ठरतं, आणि दोघांचंही खोटं.

‘दानदादान’ या जपानी चित्रमालिकेची ही सुरुवात. युकिनोबु तात्सु यांची ही मांगा एप्रिल २०२१मध्ये ‘शोनेन जंप प्लस’ या डिजिटल व्यासपीठावर सुरू झाली. त्याआधी ते ‘चेनसॉ मॅन’चे कर्ते तात्सुकी फुजिमोतो यांच्याकडे साहाय्यक होते. ऑक्टोबर २०२४मध्ये ‘सायन्स सारू’ या स्टुडिओनं मालिकेचं ॲनिमेशन आणलं, जुलै २०२५मध्ये दुसरं पर्व आलं, आणि मोबाइल हातात असलेल्या आपल्याकडच्या मुलांपर्यंतही ती पोचली. छत्तीसगढातल्या भिलाई या पोलादनगरीच्या सेक्टरांमधल्या मराठी घरांतली नातवंडं आता ज्या भुतांविषयी बोलतात, त्यांतली निम्मी जपानची आहेत. आजीआजोबांना त्यांची ओळख व्हावी म्हणून हा लेख. एक गोष्ट आधीच सांगायला हवी: पहिल्याच प्रकरणात परग्रहवासी मोमोशी जे वागतात ते मला अजिबात रुचलं नाही, आणि मालिकेत अचकटविचकट विनोदही बराच आहे. लहान मुलांच्या हाती ती देऊ नये. जाणत्या मुलांशी मात्र तिच्याविषयी जरूर बोलावं, कारण पुढे ती फार वेगळ्या जागी जाते.

तात्सु यांनी भुतं आणली तरी कुठून? बोगद्यातली ‘टर्बो आजी’ पुराणातली नाही. जपानच्या महामार्गांवर गाडीच्या बरोबरीनं धावणाऱ्या म्हातारीची दंतकथा आहे, ती त्यांनी उचलली. पुढे येणारा एक अक्राळविक्राळ पाहुणा अमेरिकेतला आहे: १२ सप्टेंबर १९५२ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या फ्लॅटवुड्स गावात काही मुलांनी आकाशातून काही पडताना पाहिलं आणि टेकडीवर जाऊन पाहिलं तर एक उंच राक्षस उभा होता, अशी ती कथा. एका गावात पिढ्यान्‌पिढ्या बळी घेणारा नागदेव निघतो मंगोलियाच्या वाळवंटातला दंतकथेतला ‘मृत्युकृमी’. पुराणं, रस्त्यावरच्या वावड्या, उडत्या तबकड्यांच्या बातम्या, सगळ्यांना लेखक एकाच पंगतीत बसवतो. माणसं ज्याला घाबरतात ते सगळं त्याच्या लेखी सारखंच खरं आहे.

यामागे जपानची जुनी सवय आहे. तिथं भुतांची नोंद ठेवतात. क्योटोच्या दाइतोकुजी मठपरिसरातल्या शिन्जुआनमध्ये एक जुना गुंडाळीचा चित्रपट्ट जपून ठेवला आहे. त्यात रात्रीच्या वेळी भुतांची मिरवणूक निघाली आहे, आणि त्यांतली बरीच भुतं म्हणजे घरातल्या जुन्या वस्तू: वाद्यं, भांडी, छत्र्या. वस्तूला शंभर वर्षं झाली की तिच्यात जीव येतो अशी समजूत होती. वर्षअखेरीच्या साफसफाईत फेकून दिलेल्या वस्तू संतापून राक्षस होतात, अशी एक कथाही मध्ययुगात लिहिली गेली. दिवाळीची झाडलोट करणाऱ्या वाचकांना त्या वस्तूंचा राग समजेल. पुढे १७७६मध्ये तोरियामा सेकिएन या चित्रकारानं भुतांचा सचित्र कोशच छापायला घेतला. कुनिओ यानागिता यांनी तोनो या डोंगराळ भागातल्या किझेन सासाकी या तरुणाकडून गावच्या कथा ऐकल्या आणि १९१०मध्ये पुस्तकात उतरवल्या. आणि शिगेरु मिझुकी! १९२२मध्ये जन्मलेल्या या माणसाला साकाइमिनातो गावातल्या एका म्हाताऱ्या बाईनं बालपणी भुतांच्या गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या महायुद्धात न्यू ब्रिटन बेटावर त्याचा डावा हात गेला. उरलेल्या उजव्या हातानं त्यानं ‘कितारो’ हा भुताचा पोर काढला आणि जपानच्या पुढच्या पिढ्यांना भुतं ओळखीची करून दिली. त्या गावातल्या एका रस्त्यावर आज त्याच्या भुतांचे ब्राँझचे पुतळे रांगेनं उभे आहेत.

आता भिलाईकडे. इथल्या पोलाद कारखान्यासाठी २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्‌घाटन केलं. भाताच्या शेतांवर वसाहतीचे सेक्टर उभे राहिले. विदर्भातून, मध्य प्रदेशातून, बंगालमधून, आंध्रमधून माणसं आली. मराठी माणसं आपापली भुतं बरोबर घेऊनच आली असणार: पिंपळावरचा मुंजा, विहिरीतली हडळ, रानात वाट चुकवणारा चकवा. पण इथल्या मातीची स्वतःची भुतं होतीच, आणि त्यांच्यापासून बचावाची रीतही. आपल्याकडे आषाढातली दिव्यांची अवस असते, त्याच दिवशी छत्तीसगढात हरेली साजरी होते. शेतकरी नांगर, कुदळ, फावडं धुऊन त्यांची पूजा करतात. दारावर कडुलिंबाच्या डहाळ्या लागतात. लोहार घरोघर जाऊन चौकटीत लोखंडी खिळा ठोकतो, म्हणजे त्या रात्री बाहेरचं काही आत येऊ नये. लोखंडाला भुतं भितात ही समजूत महाराष्ट्रातही आहे; बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा अडकित्ता ठेवणाऱ्या आज्या अनेकांनी पाहिल्या आहेत. लाखो टन पोलाद ओतणाऱ्या आणि दर १७ सप्टेंबरला यंत्रांसमोर विश्वकर्म्याची पूजा मांडणाऱ्या शहराच्या भोवती ही समजूत टिकून आहे. वस्तूत जीव असतो असं मानणाऱ्या जपानी चित्रकाराला भिलाई परकी वाटली नसती.

विज्ञान आलं की भुतं पळतात, असं शाळेत आपल्याला सांगितलं गेलं. जपानचा अनुभव निराळा आहे. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटांवरच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली, खलाशी आजारी पडले, आणि त्याच वर्षी गॉडझिला पडद्यावर आला. विज्ञानानं तिथं नवा राक्षस जन्माला घातला. ‘दानदादान’मध्ये परग्रहवासी येतात ते काही घ्यायला येतात. मोमोला पळवणारे सेर्पोवासी हे सगळे पुरुष, एकमेकांच्या प्रतिकृती. वंश पुढे चालत नाही म्हणून ते पृथ्वीवर आले आहेत. ते थंड, नेमके, हिशेबी आहेत. भुतं मात्र काही सांगायला येतात, आणि मालिकेचं खरं बळ मला इथं दिसतं. टर्बो आजी क्रूर आहे, पण त्या बोगद्याशी निर्घृण मरण आलेल्या मुलींचे आत्मे बांधले गेले होते आणि त्यांना सोबत तिनंच केली होती, हे लढाई संपल्यावर कळतं. मंगोलियातल्या कृमीला बळी दिलेलं एक उपाशी मूल पुढे सगळ्यांत सूडबुद्धीचं भूत होतं.

आणि ती लाल कपड्यांतली, लांब केसांची बाई. एका मुलीला ती आपली लेक समजून तिच्या मागे लागते. ॲनिमेशनच्या सातव्या भागात तिची कथा उलगडते: एकटी आई, रात्रंदिवस काम, मुलीसाठी नाचाचा पोशाख, मग सावकाराची माणसं येतात, मुलीला उचलून नेतात, आई मागे धावते, धावते. त्या भागात भीतीची जागा कधी दुःख घेतं ते कळतही नाही. इतक्या वेगवान, गोंगाटी मालिकेनं एका भुतासाठी एवढा वेळ थांबावं, याचा मला फार आदर वाटतो.

या बाईची थोरली बहीण आपल्याकडे अजिंठ्यात बसली आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात हारीतीची मूर्ती आहे. ती लोकांची मुलं खाणारी यक्षी. बुद्धानं तिचं सर्वांत धाकटं मूल लपवलं, ती कासावीस होऊन शोधत फिरली, आणि इतर आयांचं दुःख काय असतं ते तिला उमगलं. मग ती मुलांची रक्षक झाली. बौद्ध धर्माबरोबर ती चीनमार्गे जपानला पोचली. टोकियोतल्या झोशिगाया भागात सतराव्या शतकात तिच्यासाठी बांधलेलं मंदिर आहे आणि लोक मुलांसाठी तिथं नवस करतात. तिच्या बाजूला आपल्या झिंक्याच्या परेतिन दाईला बसवायला काहीच हरकत नाही. भिलाईला लोखंडाची माती दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून येते, त्याच बालोद जिल्ह्यात झिंका हे गाव आहे. परेतिन म्हणजे बाईचं भूत. तिथं ती दाई, म्हणजे आई झाली आहे. रस्त्यानं जाणारे गाडीवाले जो माल नेत असतील त्यातलं थोडं तिच्यापाशी ठेवून पुढे जातात. सिंधुदुर्गात आरवलीचा वेतोबा भुतांचा राजा असूनही गावाचा राखणदार झाला आणि भक्त त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात, त्याच जातीची ही श्रद्धा. गावानं भुताला हाकललं नाही, त्याच्याशी नातं जोडलं.

पण याच छत्तीसगढात जिवंत बाईला भूत ठरवण्याची रीतही आहे, आणि ती बाजूला ठेवून हा विषय लिहिता येणार नाही. ‘टोनही’, म्हणजे चेटकीण, म्हणून एखाद्या विधवेला, एकटीला, जमिनीचा तुकडा असलेल्या म्हातारीला बोट दाखवून मारहाण करणं, गावाबाहेर काढणं, प्रसंगी जीव घेणं, हे घडत आलं आहे. रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र त्याविरुद्ध गावोगाव बोलत फिरले. २००५मध्ये राज्यानं टोनही प्रताडना निवारण कायदा केला. कुणाला टोनही म्हणून ओळखवणं हाच त्यात गुन्हा आहे. महाराष्ट्राला असा कायदा करायला २०१३ उजाडलं, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून व्हावा लागला. परेतिन दाईपुढे आपल्या मालातलं थोडं ठेवणारा माणूस मेलेल्या बाईचं दुःख मान्य करतो. टोनही म्हणणारा जिवंत बाईचं माणूसपण काढून घेतो. पहिल्यात कथा आहे, दुसऱ्यात हिंसा आहे, आणि भुताच्या गोष्टी लिहिणाऱ्यानं आपण कुणाच्या बाजूला आहोत हे ठरवलंच पाहिजे.

भिलाईच्या शेजारी हे एकानं फार पूर्वी ठरवलं होतं. गजानन माधव मुक्तिबोध १९५८मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. घराणं मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले नामवंत कवी. गजाननरावांनी मात्र हिंदीत लिहिलं. महाविद्यालयाच्या आवारात, तलावाकाठी ते राहत, आणि आज तिथं त्यांचं स्मारक आहे. त्यांच्या ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेत ओसाड बावडीत एक विद्वान भूत राहतं. ते अंग घासघासून धूत राहतं, पण मळ जात नाही. वेदांपासून मार्क्सपर्यंत, गांधींपासून सार्त्रपर्यंत सगळ्यांचे सिद्धांत त्याच्या डोक्यात घुमतात, गणितं मांडली जातात आणि सुटत नाहीत. ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या कथेत गुरूचा हात तूप आणायला लांबच लांब होत स्वयंपाकघरापर्यंत पोचतो, तेव्हा बारा वर्षं शिकलेल्या शिष्याला कळतं की आपले गुरू भूत आहेत. ज्ञान कुणाला दिलं नाही म्हणून ते अडकले होते. लोककथेतलं भूत आणि आधुनिक माणसाचं डोकं एका देहात घालणं, हे त्यांनी ‘दानदादान’च्या कितीतरी आधी केलं.

त्यांनी जपानचीही कथा लिहिली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावरचं हवामान पाहून आकाश बऱ्यापैकी मोकळं असल्याचा निरोप देणाऱ्या विमानाचा वैमानिक क्लॉड ईथरली पुढे अपराधाच्या भावनेनं खचला. मुक्तिबोधांच्या ‘क्लॉड ईथरली’ या कथेत तो भारतातल्या एका वेड्यांच्या इस्पितळात बंद आहे. जिवंत माणसाला झपाटणारं भूत तिथं बाहेरचं नाहीच, ते त्याच्या सदसद्विवेकातून उठतं. मराठीत नारायण धारपांनी भयकथा आणि विज्ञानकथा दोन्ही मनापासून लिहिल्या, त्यांचं ऋण मोठं आहे. पण अपराधाचं भूत एवढ्या धिटाईनं राजनांदगावातच उभं राहिलं, असं मला वाटतं.

इथला जपानशी जुळणारा आणखी एक धागा म्हणजे भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई. पोलाद कारखान्यात नोकरी करणाऱ्या या बाईंनी कापालिक शैलीत, उभं राहून, महाभारताच्या कथांची पंडवानी गायली. हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचं धनुष्य. २०१८मध्ये जपानमधल्या फुकुओका शहरानं त्यांना आपला कला आणि संस्कृती पुरस्कार दिला. वस्तूत जीव ओतणारी कला तिथल्या लोकांनी लगेच ओळखली.

भिलाईत चित्रं काढणारी, गोष्टी लिहिणारी मुलं आहेत. त्यांनी टर्बो आजीची नक्कल करू नये. यानागितांनी केलं तेच आधी करावं: वही घेऊन झिंक्याला, गनियारीला, सेक्टरांखाली गेलेल्या गावांतल्या म्हाताऱ्यांकडे बसावं. प्रत्येक भुताविषयी तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: जिवंत असताना ते कोण होतं, त्याचं घर आता कुठल्या रस्त्याखाली, कुठल्या क्वार्टरखाली आहे, आणि त्याला अजून काय हवं आहे.