पाटा वाढवला, पण ब्रेकला कळलं का?
तर मंडळी, पिकअपला मागे एक जादा पाटा टाकला की गाडी भरल्यावरही मागून बसत नाही. मग वाटतं, टाका अजून दहा गोण्या कांदा!

पण गंमत बघा. एबीएस नसलेल्या बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह असतो. चेसिस किती खाली बसली, यावरून तो भार ओळखतो आणि तेवढं प्रेशर सोडतो. सेन्सरच, फक्त लोखंडी. पाटे कडक केले की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे. म्हणजे भरल्या गाडीने घाट उतरताना मागचे ब्रेक कमी लागणार. म्हणून पाटा टाकला की हा व्हॉल्व्ह परत सेट करून घ्याच.

आणि हो, आरसीवरचं वजन पाट्याने वाढत नाही. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००.