पाय सांगत नाही तेव्हा चप्पल कशी निवडावी

चप्पल घेताना माणूस निर्णय पायावर सोपवतो. नेरच्या बाजारातले दुकान असो की यवतमाळ-अमरावती रस्त्यावरच्या एखाद्या गावातली पथारी, गिऱ्हाईक चप्पल पायात सरकवते, चार पावले चालते आणि करंगळीला लागले तर दुसरी मागते. मापाचा आकडा नावापुरता असतो. 'बसली' की 'नाही बसली' हे पाय ठरवतो आणि बहुतेकांच्या बाबतीत तो बरोबरच ठरवतो.

ज्याच्या पायाची संवेदना कमी झाली आहे, त्याच्या बाबतीत हा निवाडा नेमका उलटा पडतो. हलका स्पर्श त्याच्या मेंदूपर्यंत पोहोचतच नाही, पोहोचतो तो जोराचा दाब. त्यामुळे मापाची चप्पल त्याला सैल वाटते, पायातून निघून जाईल अशी भीती वाटते. एक नंबर लहान, करकचून आवळणारी चप्पल घातली की पायात काहीतरी आहे हे जाणवते आणि तो म्हणतो, 'ही बरी बसली.' दुखत नाही म्हणून तो ती दिवसभर घालतो. संध्याकाळी मोज्याला किंवा चादरीला डाग दिसतो, तेव्हा जखम होऊन बराच वेळ गेलेला असतो.

अशी बधिरता येण्याची दोन कारणे विदर्भाला चांगली माहीत आहेत. एक कुष्ठरोग. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली सुरू केलेले काम, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन, वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन या सगळ्यांनी हा आजार जवळून पाहिला. देशपातळीवर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हा टप्पा भारताने डिसेंबर २००५ मध्ये गाठला. औषधाने रोगजंतू मरतात, पण मेलेल्या मज्जातंतूची संवेदना बहुधा परत येत नाही. बरा झालेला माणूस उरलेले आयुष्य त्याच बधिर पायांवर चालतो. दुसरे कारण मधुमेह. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पायाच्या बोटांपासून मज्जातंतू निकामी होऊ लागतात. आधी मुंग्या, आग, मग कापसावरून चालल्यासारखे वाटणे आणि नंतर काहीच नाही. हे 'काहीच नाही' लोकांना बरे वाटते, कारण आग थांबलेली असते.

आपला पाय कोणत्या अवस्थेत आहे हे घरच्या घरी ढोबळपणे पाहता येते. रुग्णाने डोळे मिटून पडून राहावे. घरातल्या दुसऱ्या माणसाने तर्जनीचे टोक दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला एक-दोन सेकंद हलकेच टेकवावे. दाबायचे नाही, टोचायचे नाही, घासायचे नाही. अशा सहा जागांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. इंग्लंडमधल्या इप्सविच गावाच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. दवाखान्यात नायलॉनच्या एका जाड तंतूने याहून नेमकी तपासणी करतात. तंतू त्वचेवर टेकवल्यावर १० ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. तेवढा दाब कळत नसेल, तर त्या पायाला स्वतःचे रक्षण करता येत नाही.

बधिर पायाच्या चपलेचे शास्त्र मुख्यतः भारतात घडले, तेही कुष्ठरुग्णांच्या पायांवर. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, इंग्रज मिशनरी कुटुंबात झाला. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शल्यचिकित्सक म्हणून काम करताना त्यांनी एक पक्का समज मोडून काढला. कुष्ठरोगात मांस आपोआप सडते आणि बोटे गळतात, असे तोवर डॉक्टरही मानत. ब्रँड यांच्या लक्षात आले की सडत काही नाही. वेदना कळत नाही म्हणून माणूस एकाच जागी पुन्हा पुन्हा इजा करून घेतो आणि जखम झाल्यावरही तिच्यावरूनच चालत राहतो. पुढे अमेरिकेत त्यांनी उंदरांच्या तळव्यांवर यंत्राने दाब देऊन पाहिला. एकदा-दोनदा दिला तर काहीही न होणारा मध्यम दाब रोज हजारो वेळा दिला, तर आधी सूज, मग व्रण.

धडधाकट माणसाच्या बाबतीत असे होत नाही, कारण तो नकळत लंगडतो. चवड्यावर फोड येऊ लागला की वजन बाहेरच्या कडेवर घेतो, पाऊल लहान टाकतो, सावली दिसली की बसतो. बधिर पायाचा माणूस शेवटच्या पावलापर्यंत सारखाच चालतो. म्हणून पाय जे काम करत नाही, ते चपलेची गादी आणि पट्टे यांना करावे लागते.

आधी गादी पाहू, ज्याला जुने कारागीर सुखतळा म्हणत. समजा ६० किलो वजनाचा माणूस चालताना एका चवड्यावर आला. चवड्याची ४० चौरस सेंटिमीटर जागा टेकली, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दीड किलो भार येतो. पण बोटे वाकडी झालेली असतील, चवड्याखालची चरबीची नैसर्गिक गादी पुढे सरकली असेल आणि हाडांची दोन टोकेच मिळून १० चौरस सेंटिमीटर टेकत असतील, तर तोच भार सहा किलो होतो. दिवसाला पाच हजार पावले म्हणजे एका पायाला अडीच हजार वेळा. मऊ सुखतळ्याचे काम वजन कमी करणे नव्हे, तर टेकणारी जागा वाढवणे. तो हाडाच्या टोकाखाली दबतो आणि तळव्याचा बाकीचा भाग वर येऊन भार वाटून घेतो.

यासाठी कुष्ठरोगाच्या कामात एमसीआर, म्हणजे बारीक हवेच्या कप्प्यांचे रबर, रुळले. रबराचा कडकपणा 'शोअर' नावाच्या मापात मोजतात. या रबराचा साधारण १५ असतो. आकडा दुकानात कोणी सांगणार नाही, पण अंगठा सांगतो. सुखतळा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाबावा. तो खोल दबला पाहिजे, तरी दोन बोटे एकमेकांना लागल्यासारखी वाटता कामा नयेत, आणि सोडल्यावर लगेच पूर्ववत झाला पाहिजे. दाबलेला खड्डा तसाच राहणारा स्पंज पहिल्या दिवशी गादीसारखा वाटतो आणि महिन्याभरात पापडासारखा चपटा होतो. बाजारात 'डायबेटिक' असा शिक्का मारलेल्या चपला सर्रास मिळतात. शिक्का पाहू नये, चिमटीत धरून पाहावे. जाडी साधारण एक सेंटिमीटर असावी. खूप जाड आणि लिबलिबीत गादीवर पाय डगमगतो, तेही पडण्याला निमंत्रण.

मऊ रबर एकटे मात्र चालत नाही. नेर भागात कपाशी, तूर आणि सोयाबीनचे शेत संपले की मागे धसकटे उरतात. तिरकी कापलेली तुरीची किंवा पऱ्हाटीची फांदी सुरीसारखी असते, वर बाभळीचे काटे. निव्वळ मऊ तळ त्या एका दमात भोसकतात, आणि बधिर पायात शिरलेला काटा आठवडाभर तसाच राहू शकतो. म्हणून खालचा तळ कडक, न वाकणारा नसला तरी न भोसकला जाणारा हवा. टायरचा तळ या कामी उत्तम. पण तळ आणि गादी चुका ठोकून जोडलेले नकोत. गादी दबली की चुकेचे टोक वर येते. शिवून किंवा चिकटवून जोडलेली चप्पल घ्यावी, आणि घरी हात आत घालून सगळी जागा चाचपून पाहावी.

पट्ट्यांचा विचार लोक सहसा करत नाहीत, आणि निम्मी इजा तिथूनच होते. आपल्याकडे सर्वांत जास्त खपते ती अंगठ्याच्या बेचक्यातून बंद जाणारी चप्पल. ती पायात ठेवायची तर बोटांनी पकडावी लागते. ज्याची बोटे कमजोर किंवा वाकडी आहेत, त्याची चप्पल वाटेत निघून पडते आणि त्याला पत्ताही लागत नाही. तो मेच्या डांबरी रस्त्यावर एका पायाने अनवाणी चालत राहतो. शिवाय बंद बेचक्यातली नाजूक कातडी घासतो. बधिर पायाला बेचक्यात काहीच नको. चवड्यावर एक रुंद पट्टा, घोट्यापुढे दुसरा आणि टाचेमागे तिसरा, अशी रचना हवी. टाचेमागचा पट्टा नसेल तर प्रत्येक पावलाला पाय पुढे-मागे सरकतो, आणि दाबापेक्षा हे घासणे कातडीला जास्त बाधते.

पट्टे आतून मऊ असावेत आणि कडा शिवून दुमडलेल्या नसाव्यात, कारण दुमडीची रेघ पायावर उमटते. पट्टा किती आवळायचा? त्याच्याखाली एक बोट सहज सरकले पाहिजे. पाय दुपारनंतर सुजतो, म्हणून पट्टा कमी-जास्त करता आला पाहिजे. यासाठी वेल्क्रो बक्कलापेक्षा बरे. कुष्ठरोगाने हाताची बोटेही वाकलेली असतील तर बक्कल लावणे अशक्यच असते.

पट्टा आणि गादीचा हाच हिशेब अगदी वेगळ्या ठिकाणीही असतो. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर मोठ्या पतंगाला बांधून, फळीवर उभे राहून लाटांवरून धावण्याचा खेळ चालतो. त्या फळीवर पाय अडकवायला पट्टे आणि तळव्याखाली गाद्या असतात. पट्टा सैल असेल तर पाय सरकतो, फार घट्ट असेल तर पडताना सुटत नाही आणि घोटा मुरगळतो. गादी कडक असेल तर उडी मारून उतरताना टाच ठेचते. खेळणारा पट्टा अर्धा इंच इकडेतिकडे करत बसतो, कारण त्याचा पाय त्याला लगेच सांगतो. बधिर पायाच्या माणसाला तेवढीच नेमकी जुळवणी लागते, पण ती डोळ्यांनी आणि पट्टीने करावी लागते.

म्हणून दुकानात जाताना पायाचे चित्र घेऊन जावे. संध्याकाळी जाड कागदावर उभे राहून, पूर्ण वजन टाकून, दुसऱ्याकडून दोन्ही पायांची कड आखून घ्यावी. बसून आखले तर पाय लहान येतो. कागद रेघेवर कापून चपलेच्या आत ठेवावा. तो दुमडला, कडेला चढला, तर चप्पल अरुंद आहे, मग पाय काहीही म्हणो. सर्वांत लांब बोटाच्या पुढे एक ते दोन सेंटिमीटर जागा सुटली पाहिजे. लांब बोट अंगठाच असेल असे नाही. दोन पाय वेगळे असतील तर मोठ्या पायाचे माप धरावे.

नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा-एक तास घालावी आणि काढून पाय उजेडात पाहावा. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवावा. लाल डाग अर्ध्या तासानेही तसाच राहिला, तर ती चप्पल त्या जागी दाबते आहे. डाग सावळ्या कातडीवर चटकन दिसत नाही, तिथे उष्णता कामाला येते. दोन्ही पायांची तीच तीच जागा हाताच्या पाठीने चाचपावी. एका पायाची जागा दुसऱ्यापेक्षा सुमारे २ अंश सेल्सिअसने गरम असेल, तर आत सूज सुरू झाली आहे. कातडी फाटण्याआधीचा हा इशारा, आणि तो मिळाला की चालणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. घट्टा झाला असेल तर तो ब्लेडने घरी खरवडू नये. घट्ट्याखाली अनेकदा व्रण दडलेला असतो.

व्रण झालाच, तर चांगली चप्पल हा त्यावरचा उपचार नाही. अशा वेळी पायावरचा भार काढावा लागतो. त्यासाठी गुडघ्याखाली, तळव्याला सगळीकडून चिकटून बसणारे प्लास्टर घालतात. कुष्ठरुग्णांच्या व्रणांसाठी आपल्या उपखंडात वापरली गेलेली ही पद्धत ब्रँड यांनी अमेरिकेत नेली आणि आज ती जगभर मधुमेहींच्या पायासाठी वापरली जाते. मलमपट्टी करून त्याच पायाने शेतात जाणे किंवा शेगावची पायी वारी पुरी करणे, हे पाय गमावण्याच्या वाटेवरचे नेहमीचे वळण आहे. नवरात्रात अनवाणी राहण्याचा नवसही बधिर पायाने करू नये. देवळाच्या फरशीवर उन्हात उभे राहून भाजलेले तळवे घेऊन मधुमेही दवाखान्यात येतात, तेही भाजल्याचे न कळता.

कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांना एमसीआर चपला राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतात, त्याची चौकशी ग्रामीण रुग्णालयात किंवा आशा सेविकेकडे करता येते. मधुमेहीला ती बहुधा स्वतःच्या पैशाने घ्यावी लागते. या चपलेची एक अडचण शास्त्रातली नाही. तिचा ठरावीक आकार-रंग गावात ओळखला जायचा. ती घातली की आजार जाहीर व्हायचा, म्हणून कित्येकांनी ती खुंटीला टांगून ठेवली आणि साधी स्लीपर घालून पायाची बोटे घालवली. त्यावर उपाय म्हणून तोच सुखतळा चारचौघांसारख्या दिसणाऱ्या सँडलमध्ये बसवला जाऊ लागला. गावातला कुशल कारागीरही रुग्णाच्या रुंद सँडलमध्ये असा सुखतळा बसवून देऊ शकतो, फक्त आत जागा उरते का हे पाहायला हवे. सुखतळा मावला आणि पाय वर दाबला गेला, तर फायद्यापेक्षा तोटा जास्त.

राहिले घर. आपल्याकडे चप्पल उंबऱ्याबाहेर राहते आणि पाय आत अनवाणी फिरतो. चुलीजवळचा निखारा, फुटलेल्या बांगडीचा तुकडा, खाटेचा पाय, न्हाणीघरातले गरम पाणी, सगळे घरातच असते. बधिर पायाच्या माणसासाठी टाचेमागे पट्टा असलेला, धुऊन पुसलेला, कधीही अंगणात न गेलेला दुसरा जोड घरात ठेवावा. स्वयंपाकघरात चप्पल नको म्हणणाऱ्या घरांतही असा वेगळा जोड बहुधा खपवून घेतला जातो. पायात घालण्याआधी तो उलटा करून झटकावा. विंचवासाठी ही सवय अनेकांना असतेच, खड्यासाठीही तीच उपयोगी पडते.