कागदाची महिरप

मराठी घराला चौकटींची हौस फार. दाराला चौकट, खिडकीला चौकट, गणपतीला मखर, पणतीला देवळी आणि भिंतीवरच्या आजोबांना लाकडी फ्रेम. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात उभं राहून एका चौकातून पुढच्या चौकाकडे पाहावं. मधलं दारच त्या पलीकडच्या उजेडाची चौकट होऊन बसतं. उघड्यावर पाहिलेली तुळस आणि दारातून पाहिलेली तुळस एकच असते, पण दारातून पाहिलेली लक्षात राहते.

हीच हौस कागदावर उतरते तेव्हा काय होतं, याबद्दल आज लिहायचं आहे. विषय तसा लहान आहे. हातानं केलेली शुभेच्छापत्रं आणि त्यांत चौकट कापायचा पोलादी साचा, म्हणजे छापखान्याच्या भाषेत ‘डाय’. पण बँकेच्या नोकरीत साताऱ्याला आणि सांगलीला काढलेल्या वर्षांत या लहान वस्तूभोवती माणसांची पोटं कशी फिरतात ते मी जवळून पाहिलं आहे.

लंडन आणि सांगली

१८४३ हे साल सांगलीकरांना पाठ असतं. त्या वर्षी विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणलं. त्याच वर्षी तिकडे लंडनमध्ये हेन्री कोल नावाचा सरकारी अधिकारी नाताळच्या पत्रांना उत्तरं देता देता टेकीला आला होता. १८४० मध्ये इंग्लंडात एका पेनीत पत्र जाऊ लागलं होतं आणि पत्रांचा पूर आला होता. त्यानं जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या हजारभर प्रती छापल्या. हे पहिलं छापील नाताळकार्ड. त्या चित्रात मधे मेजवानीला बसलेलं कुटुंब आहे, दोन्ही बाजूंना दानधर्माची दृश्यं आहेत आणि तिन्ही चित्रांना वेलींच्या मांडवाची चौकट आहे. म्हणजे कार्ड जन्माला आलं तेच चौकट घेऊन.

पुढे काही वर्षांनी अमेरिकेतल्या वुस्टर गावी एस्थर हाउलँड या तरुणीनं कागदी लेसची, थरांवर थर चढवलेली कार्डं करायला सुरुवात केली. वडिलांचं कागद-वहीचं दुकान होतं. तिनं घरातच मैत्रिणींना ओळीनं बसवलं. एकीनं कापायचं, दुसरीनं चिकटवायचं, तिसरीनं पाहून घ्यायचं. आपल्याकडे बायका पापड लाटायला बसतात तसंच हे. घरबसल्या होणारा हा धंदा तेव्हापासून बायकांचा आहे.

खिळे गेले, यंत्र राहिलं

आपल्याकडे कापील चौकट घराघरांत आली ती लग्नपत्रिकेतून. पत्रिकेच्या दर्शनी पानाला गणपतीच्या आकाराची खिडकी आणि आतल्या पानावरचा सोनेरी गणपती त्यातून डोकावणारा, अशी पत्रिका आपल्यापैकी प्रत्येकाच्या कपाटात एखादी तरी सापडेल.

ती खिडकी कापतं कोण? १९९० च्या दशकात गावोगावच्या छापखान्यांत संगणकावरची अक्षरजुळणी आणि ऑफसेट आलं. शिशाचे खिळे वजनावर विकले गेले, लाकडी केसेस रिकाम्या झाल्या, जुळारी घरी बसले. कर्जाच्या फायली तपासायला छापखान्यांत जात असे तेव्हा हे डोळ्यांसमोर घडत होतं. पण पायानं किंवा मोटरवर चालणारं ट्रेडल मशीन बऱ्याच ठिकाणी विकलं गेलं नाही. साताऱ्यातल्या एका छापखानेवाल्यांनी मला त्याचं कारण दोन वाक्यांत सांगितलं होतं. “साहेब, अक्षर गेलं म्हणून दाब जात नाही. मशीनला फक्त दाबायचं ठाऊक, खिळा असो की पातं.”

त्यांचं म्हणणं हिशेबालाही उतरतं. इंग्रजी-अमेरिकी मापाच्या शिशाच्या खिळ्याची उंची सुमारे २३.३ मिलिमीटर. डायच्या पोलादी पात्याची उंची साधारण २३.८ मिलिमीटर. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. त्यामुळे खिळे बसवायच्या त्याच लोखंडी चौकटीत डाय अडकवता येते आणि तेच यंत्र छापायचं सोडून कापायला लागतं.

डाय करणंही पाहण्यासारखं असतं. जाड प्लायवूडवर आकार काढतात, त्या रेघेवर करवतीनं खाच पाडतात (हल्ली लेझरनं), आणि पोलादाची धारदार पट्टी वाकवून खाचेत ठोकून बसवतात. जिथे कागद कापायचा नसून दुमडायचा आहे, तिथे बोथट आणि किंचित बुटकी पट्टी. पात्याच्या दोन्ही अंगांना रबराचे तुकडे चिकटवतात, म्हणजे कापलेला कागद पात्यात अडकून न राहता बाहेर ढकलला जातो. महिरपीच्या टोकाला पट्टी नीट वळली नाही, तर तिथे कागद कापला न जाता फाटतो. जुना कारागीर पहिला कागद कापून उजेडासमोर धरतो आणि ते टोक आधी पाहतो.

खिडकीतली गंमत

चौकट फक्त शोभेची नसते, ती लपवतेही. मराठी वाचकाला हे ‘आवाज’च्या दिवाळी अंकानं शिकवलं. मधुकर पाटकरांच्या त्या अंकातली खिडकीचित्रं आठवतात? पानाला कापलेली खिडकी, त्यातून दिसणारं भलतंच काहीतरी, आणि पान उलटलं की अगदी साधा, निरुपद्रवी प्रसंग. नाशिकचे ज्ञानेश सोनार यांचं नाव अशा चित्रांशी जोडलं गेलं आहे. थोरली मंडळी हे अंक मुलांपासून लपवत आणि मुलं ते बरोबर शोधून काढत. पण त्यातली युक्ती कोणत्याही कार्डाला लागू पडते. खिडकीतून काय दाखवायचं यापेक्षा काय झाकायचं, हे आधी ठरवावं लागतं.

टेबलावरचा कारखाना

माझी मावसबहीण सांगलीला गावभागात राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिनं हातानं कार्डं करायला घेतली. तिच्याकडे ट्रेडल नाही. पोळपाटाएवढं, हातानं फिरवायचं दोन रुळांचं यंत्र आहे आणि पातळ पत्र्याच्या चौकटींचा संच आहे. आकार एकच, मापं उतरती, एकात एक बसणारी, डब्यांच्या उतरंडीसारखी. प्लॅस्टिकच्या दोन तक्त्यांमधे कागद आणि डाय ठेवून रुळांतून फिरवायचं, की कागद कापून निघतो. बारीक नक्षीची डाय कागद सोडत नसेल, तर मधे बटर पेपर घालायचा. लांब सरळ कडेची डाय थोडी तिरकी ठेवायची, म्हणजे सगळी कड एकदम रुळाखाली येत नाही आणि हात भरून येत नाही.

तिच्याकडून शिकलेल्या काही गोष्टी वाचकांसाठी देतो.

पहिली गोष्ट, कापून निघालेला मधला तुकडा टाकायचा नाही. खिडकी एका कार्डाला, तुकडा दुसऱ्या कार्डाला. एका कापणीत दोन कार्डं होतात.

दुसरी, संचातल्या लागोपाठच्या दोन डाय एकात एक ठेवून चिकटपट्टीनं पक्क्या करायच्या आणि एकदमच कापायच्या. मग मधून अगदी नाजूक कड निघते. ही कड सोनेरी कागदाची असली, की साध्या पांढऱ्या कार्डालाही काठापदराची ऐट येते. खऱ्या जुन्या साडीचा काठ खिडकीमागे लावला तर विचारायलाच नको. आईच्या विटलेल्या इरकलीचा असा बोटभर तुकडा तिनं घरातल्या चौघी सुनांना चार कार्डांतून दिला.

तिसरी, पूर्ण चौकट कापायचीच असं नाही. डायचा अर्धा भाग तक्त्याच्या बाहेर राहू दिला, तर अर्धीच महिरप कापली जाते. उरलेली बाजू दुमडली की कार्ड उघडताना कमान उभी राहते. त्या कमानीत पणती ठेवा, तुळशीवृंदावन ठेवा.

चौथी, कापलेली खिडकी स्टेन्सिल म्हणूनही वापरता येते. ती दुसऱ्या कागदावर धरून कडेकडेनं रंग फिरवायचा. कासच्या पठारावरची फुलं ती अशीच करते. तिथलं फूल तोडायला मनाई आहे आणि ती असलीच पाहिजे. कागदावर उमटवायला कुणी अडवत नाही.

पाचवी मुलांसाठी. दोन पारदर्शक कागदांच्या मधे कपाळाच्या टिकल्या सोडायच्या, कडा जाड फोमच्या पट्टीनं बंद करायच्या आणि वर चौकट चिकटवायची. कार्ड हलवलं की टिकल्या सळसळतात. पोस्टानं पाठवायचं तर मात्र आधी वजन करा. थर वाढले की तिकीट वाढतं.

कागदाबद्दलही सांगायला हवं. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला हातकागद दिसतो देखणा. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून हे काम करत आली. पण त्याचे तंतू लांब असतात. डाय बोथट असेल तर कड पिंजते. म्हणून बहीण चौकट गुळगुळीत जाड कागदाची करते आणि हातकागद खिडकीच्या मागे लावते.

पुरानंतर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत शिरली. गावभागातून माणसं होडीनं बाहेर काढावी लागली. बहीण आठ दिवस मिरजेला नातलगांकडे होती. परत आली तेव्हा खालच्या खोलीत गुडघाभर चिखल होता आणि कागदाचे सगळे गठ्ठे फुगून एक झाले होते. तयार कार्डं, पाकिटं, दिवाळीसाठी घेतलेला माल, सगळंच गेलं.

मी गेलो तेव्हा ती पायरीवर बसून एकेक डाय चिखलातून धूत होती. जुन्या दात घासायच्या ब्रशानं नक्षीतला गाळ काढायचा, फडक्यानं कोरडं करायचं, शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवायचं. काहींवर गंज चढला होता. मी म्हटलं, “अगं, आधी घराचं बघ.” ती म्हणाली, “दादा, घराचंच बघतेय. कागद बाजारात मिळतो.”

बँकेतल्या माणसाला हे वाक्य लगेच कळतं. कागद म्हणजे खेळतं भांडवल, आणि डाय म्हणजे यंत्रसामग्री. माल बुडाला तरी हत्यार शिल्लक असेल, तर धंदा पुन्हा उभा राहतो. साताऱ्याच्या ट्रेडलची गोष्टही हीच होती.

त्या दिवाळीला नवा कागद घ्यायला तिच्याकडे पुरेसे पैसे नव्हते. शेजारपाजारच्या माळ्यांवर, पुराच्या वर राहिलेल्या जुन्या लग्नपत्रिका होत्या. त्यांच्या कोऱ्या पाठी तिनं चौकटी कापायला वापरल्या. काही कार्डांच्या आतल्या अंगाला कुणाच्या तरी लग्नाची तिथी आणि ‘आपले विनीत’ अर्धवट दिसत होतं. तिनं ते पुसलं नाही. गावभागातल्या ज्यांच्याकडे ती कार्डं गेली, त्यांतल्या काहींनी नावं ओळखली आणि त्या घरी फोन केले, पुरातून सगळे नीट आहेत ना म्हणून.

आता आमंत्रणं फोनवर येतात. चित्र हलतं, सनई वाजते, आणि पुढचा निरोप आला की सगळं वर सरकून जातं. त्याला माझी तक्रार नाही. पन्नास घरी पत्रिका वाटत फिरण्याचे हाल मीही काढले आहेत. सगळ्यांना हाताची कार्डं पाठवावीत असंही नाही. पण ज्यांना भेटून पुष्कळ दिवस झाले अशी चार-पाच माणसं प्रत्येकाची असतात. त्यांच्यासाठी माळ्यावरच्या जुन्या पत्रिका एकदा खाली काढा. डाय नसली तरी वाटी उपडी ठेवून पेन्सिलीनं गोल काढा आणि लहान कात्रीनं सावकाश कापा. आतल्या पानावर दोन ओळी स्वतःच्या अक्षरात लिहा. मुलांना हाताशी घ्या आणि मधला गोल तेवढा टाकू देऊ नका.