झाडावर काय होणार, ते जमिनीवरच ठरतं

मे महिना निम्मा सरला की कोकणात एकच धांदल उडते. पाऊस सुरू होण्याआधी घरावर झुकलेल्या फांद्या उतरवायच्या असतात, माडांच्या सुक्या झावळ्या काढायच्या असतात, आंब्याचा शेवटचा तोडा व्हायचा असतो. मस्जिदीच्या आवारातला वड, कब्रस्तानातलं जांभळीचं झाड, शाळेमागची चिंच, सगळ्यांची आठवण याच पंधरवड्यात होते. आणि श्रीवर्धनपासून राजापूरपर्यंत बहुतेक गावांत अशी दोन-चार माणसं असतात, ज्यांचा फोन या दिवसांत थांबत नाही. कोयता, आरी, एक दोर आणि अंगातली हिंमत एवढ्या भांडवलावर ते वर चढतात आणि आपण खाली उभं राहून बघतो.

त्यांतला एखादा खाली पडला की गावात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "एवढा पट्टीचा चढणारा होता, कसा काय पडला?" आणि "नशिबात होतं." आमच्या मते ही दोन्ही वाक्यं आपल्याला खऱ्या कारणापर्यंत पोहोचू देत नाहीत. अनुभवी माणूस सहसा चढता येत नाही म्हणून पडत नाही. पोकळ झाड आधी न बघितल्यामुळे, स्वतःला न बांधल्यामुळे, जवळची तार बंद न केल्यामुळे तो पडतो. या तिन्ही गोष्टी चढण्याआधी, जमिनीवर करायच्या असतात. म्हणून हा लेख चढणाऱ्यांसाठी जितका आहे, तितकाच त्यांना काम देणाऱ्यांसाठीही आहे.

उंचीचा साधा हिशोब

आपल्याकडचा बाणवली माड सहज 50 ते 60 फूट वाढतो. 15 मीटर, म्हणजे साधारण 50 फुटांवरून सुटलेला माणूस पावणेदोन सेकंदांत जमिनीवर येतो. आदळताना त्याचा वेग ताशी 60 किलोमीटरच्या वर असतो. "मी तर फक्त वीस फुटांवर आहे" असं म्हणणाराही ताशी जवळजवळ 40 किलोमीटरने आपटतो. एवढ्या वेळात हात पुढे करून काही पकडणं जमत नाही. पडल्यावर सावरू, हा विचारच डोक्यातून काढून टाकायला हवा. पडूच नये, एवढीच तजवीज आपल्या हातात आहे.

आधी झाड नीट बघा

झाडाला हात लावण्याआधी पाच मिनिटं त्याच्याभोवती फिरा. माडाच्या खोडाला भोकं दिसतात का, त्यातून लालसर-तपकिरी चिकट पाणी किंवा चावलेला भुसा बाहेर येतो का, ते बघा. ही सोंड्या भुंग्याची खूण आहे. हा भुंगा खोड आतून पोखरतो आणि बाहेरून माड बराच काळ ठीक दिसत राहतो. कोयत्याच्या मुठीने खोडावर ठोकून बघा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक जुन्या माणसांना बरोबर कळतो. शेंडा एका बाजूला कलला असेल किंवा माडावर वीज पडून गेली असेल, तर त्यावर चढायचंच नाही.

पायासाठी खोडात पाडलेल्या खाचा असतील तर त्यांवर डोळे झाकून भरवसा नको. खाचेत पाणी साचतं आणि ती जागा कुजते. गेल्या वर्षी जिथे पाय टिकला, तिथे तो यंदा टिकेलच असं नाही. शेंड्यात पोचल्यावर आणखी एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: सुकी झावळी कधीही आधाराला धरायची नाही. ती सुटायलाच आलेली असते.

इतर झाडांच्या तऱ्हा वेगळ्या. जांभूळ आणि शेवगा ही दगा देणारी झाडं, जाड दिसणारी फांदीसुद्धा कडकन मोडते. आंब्यावर लाल मुंग्यांची घरटी असतात. डोळ्यांत मुंग्या गेल्या की माणूस हात सोडतो आणि तिथेच घात होतो. वरच्या फांदीला आग्या मोहोळ असेल तर आधी त्याचा बंदोबस्त, काम नंतर. पाऊस पडून गेल्यावर शेवाळलेल्या खोडावर किंवा जोराच्या वाऱ्यात चढू नका, मालक कितीही घाई करो.

स्वतःच्या शरीराकडेही बघा. ताप, चक्कर, रात्रीचं जागरण यांपैकी काहीही असेल त्या दिवशी वर जायचं नाही. रमजानमध्ये रोजा असताना काम करायचंच असेल तर सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत उरका. दुपारनंतर पाण्याअभावी येणारी भोवळ जमिनीवर सावरता येते, पन्नास फुटांवर नाही.

दोर आणि पट्टा

आपल्याकडे दोर बहुतेक वेळा फांदीला बांधतात, माणसाला नाही. चढताना दोन्ही हात झाडावर असतात, तेव्हा धोका त्या मानाने कमी. शेंड्यात पोचल्यावर एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात घड किंवा फांदी येते, म्हणजे शरीराला धरणारं काहीच उरत नाही. त्या क्षणी माणूस बांधलेला असलाच पाहिजे.

कमरेला गुंडाळलेला दोर पुरेसा नाही. झटका बसला की तो पोटात रुततो किंवा माणूस उलटा होऊन त्यातून निसटतो. खांदे, छाती आणि मांड्या धरणारा पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट, ज्याला हार्नेस म्हणतात, तो हवा. विकत घेताना त्यावर 'आयएस 3521' हा भारतीय मानकाचा क्रमांक बघा, हेल्मेटवर 'आयएस 2925'. बेल्टला दोन दोऱ्या ठेवा. वर सरकताना फांदी आडवी आली की आधी दुसरी दोरी फांदीच्या वर अडकवायची आणि मगच पहिली सोडायची. दोन्ही एकाच वेळी सुटलेल्या असणं, असं कधीच होता कामा नये.

कापताना स्वतःचीच दोरी कोयत्याखाली किंवा आरीखाली येण्याचा धोका असतो. म्हणून तोडकामात त्या दोन दोऱ्यांपैकी एक आत लोखंडी तार असलेली घ्यावी. गुरं बांधायचा किंवा टेम्पोचा माल आवळायचा दोर माणसाच्या जिवासाठी वापरू नका. काथ्याचा दोर भिजून आतून कुजतो, नायलॉनचा उन्हाने ठिसूळ होतो. रोज सकाळी दोर बोटांतून फिरवून बघा. कुठे तुटलेले धागे लागले, कडक किंवा वितळलेला भाग लागला, तर त्या दोराचं काम संपलं.

चढायचं यंत्रही आता मिळतं. केरळच्या कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावातल्या एका शेतकऱ्याने बनवलेलं पायांनी चालवायचं यंत्र देशभर गेलं. नारळ विकास मंडळाने 2011 साली चढणाऱ्यांसाठी प्रशिक्षण सुरू केलं, त्यातही यंत्रानेच चढायला शिकवतात. यंत्र आलं म्हणून बेल्ट सोडायचा मात्र नाही. आंब्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'नूतन झेला' तयार केला. लांब काठीच्या झेल्याने जमिनीवरून जेवढी फळं काढता येतील, तेवढं चढणं वाचलं.

तार दिसली की काम थांबवा

झाड आणि विजेची तार जवळ असतील तर पहिला फोन महावितरणला करायचा, 1912 या नंबरवर किंवा गावच्या वायरमनला. लाइन बंद करून घ्या आणि ती बंद झाल्याचं वायरमनच्या तोंडून, समोरासमोर ऐका. "लाइट गेलीय, पटकन उरकून घे" हा सल्ला जीवघेणा आहे. गेलेली लाइट कधीही परत येते आणि कुणाच्या घरचा जनरेटर चुकीचा जोडलेला असला तर बंद तारेतही करंट येतो.

ओली झावळी, ओला बांबू आणि हिरवी फांदी यांच्यातून वीज वाहते. लोखंडी आणि अॅल्युमिनियमच्या शिड्या तर तारेच्या आसपासही नकोत. 11 हजार व्होल्टच्या लाइनला प्रत्यक्ष हात लागायचीही गरज नसते, फार जवळ गेलं तरी वीज उडी घेते. फांदी पडताना फिरते, म्हणून ती जितकी लांब आहे निदान तितकं अंतर तारेपासून धरायला हवं. तेवढं नसेल तर लाइन बंद झाल्याशिवाय कापायचं नाही.

कुणाला करंट लागलाच तर त्याला ओढायला धावू नका. तार जमिनीवर पडली असेल तर आजूबाजूच्या जमिनीतही वीज उतरलेली असते. मोठी पावलं न टाकता, पाय जोडून घासत लांब व्हा, इतरांना अडवा आणि आधी लाइन बंद करून घ्या.

तोडताना

फांदी वरून एकाच घावात कापली तर ती निम्म्यात चिरते, साल ओढत खाली येते आणि कापणाऱ्यावरच झुलते. म्हणून तीन काप घ्यायचे. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, पाव ते एक तृतीयांश जाडीचा. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरच्या बाजूने, ज्याने फांदी सुटते. तिसऱ्याने उरलेला ठोंबा काढायचा. फांदी मोठी असेल तर तिला वेगळा दोर बांधून हळूहळू खाली सोडावी.

पूर्ण झाड पाडताना ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी पाचरीसारखी खाच घ्यावी, खोडाच्या पाव ते एक तृतीयांश खोल. मागचा काप त्याहून थोडा वर. दोन्ही कापांच्या मध्ये लाकडाची एक पट्टी शिल्लक ठेवायची, ती बिजागरीचं काम करते आणि झाडाला दिशा देते. ती पूर्ण कापली की झाड कुठेही जातं. स्वतः पळायची वाट आधीच साफ करून ठेवा, मागे आणि तिरकी. बाकीच्यांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर थांबायचं. घराजवळचा माड तुकड्यांनी उतरवताना आधी शेंडा कापला जातो. तो सुटताच खोड चाबकासारखं हेलकावतं. त्यासाठी कापाच्या खाली खोडाला घट्ट बांधून घेणं आणि खोड शांत होईपर्यंत न हलणं गरजेचं आहे.

कटर मशीन नेहमी दोन्ही हातांनी, खांद्याच्या खालीच चालवायची. तिच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन झटक्याने तोंडाकडे उसळते. लुंगी, गळ्यातला गमछा, सैल बाह्या यांना मशीनजवळ जागा नाही.

वादळात पडलेलं झाड हा आणखी वेगळा विषय. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि कधी मशीन न धरलेले लोकही कापायला लागले. वाकून अडकलेली फांदी ताणलेल्या धनुष्यासारखी असते, सुटली की फटकारते. मुळासकट पडलेल्या झाडाचं खोड कापलं की मुळांचा गड्डा परत उभा राहू शकतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्यामागे कुणालाही, खास करून लहान मुलांना, उभं राहू देऊ नका.

एकटा माणूस वर नको

खाली एक तरी शहाणा माणूस हवा, ज्याचं काम फक्त वर लक्ष ठेवणं आणि लोकांना लांब ठेवणं एवढंच आहे. शक्य असेल तर त्यालाही चढता यावं. कारण बेल्टमध्ये बेशुद्ध लटकलेल्या माणसाचा रक्तप्रवाह अडतो. त्याला काही मिनिटांतच खाली आणावं लागतं.

पडलेल्या माणसाला हातपाय धरून उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. मणक्याला मार असेल तर मोटरसायकलवर मध्ये बसवून नेण्यात तो आयुष्यभराचा अपंग होऊ शकतो. 108 ला फोन करा, मान हलू न देता सपाट फळीवर घ्या, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कपड्याने दाबून धरा.

केसपेपर आणि वीस रुपये

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापले जातात. वय 18 ते 70 हवं. अपघाती मृत्यूला 2 लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर 1 लाख मिळतात. विम्याचं वर्ष 1 जून ते 31 मे असतं. म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच ते संपतं, आणि मे अखेरीस खात्यात 20 रुपये नसतील तर विमा बंद पडतो.

या योजनेच्या नियमांत झाडावरून पडण्याचा स्पष्ट उल्लेख आहे: अशा अपघातात कारणाला लगेचच्या हॉस्पिटल नोंदीचा आधार लागतो. आपल्याकडे मात्र आधी हाडवैद्य, मग घरगुती लेप, आणि चार दिवसांनी हॉस्पिटल. माणूस जागीच गेला तर घाईने दफन, कागद काहीच नाही. नंतर बेवा बँकेत जाते तेव्हा अपघात झाला होता हेच सिद्ध होत नाही. म्हणून जखमीला थेट सरकारी दवाखान्यात न्या आणि केसपेपरवर "झाडावरून पडून" हे शब्द लिहून घ्या. मृत्यू झाला असेल तर पोलिसांना कळवा, पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नका. दफनाला काही तास उशीर होईल, पण मागे राहिलेल्या मुलांचा हक्क शाबूत राहील.

ज्यांचं सातबाऱ्यावर नाव आहे त्यांच्यासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. नारळ विकास मंडळाची 'केरा सुरक्षा' ही तर खास माडावर चढणाऱ्यांसाठीची विमा योजना. पण वाडीच्या मालकाला सातबाऱ्याचा आधार आणि भूमिहीन चढणाऱ्याला काहीच नाही, ही बहुतेक गावांतली स्थिती आहे. निदान वीस रुपयांचा विमा प्रत्येकाचा असायलाच हवा.

काम देणाऱ्यांनी एवढं करावं

मजुरी झाडावर ठरते. जितकी जास्त झाडं, तितके पैसे. त्यामुळे बेल्ट बांधण्यात आणि झाड तपासण्यात गेलेला वेळ मजुराच्या खिशातून जातो. मग तो बांधणार कसा? आपण कामाचं बोलतो तेव्हाच हा वेळ मजुरीत धरायला हवा. तार बंद करून घेणं आणि झाड तोडायची परवानगी काढणं ही मालकाची कामं आहेत, चढणाऱ्याच्या गळ्यात मारायची नाहीत.

दोन हार्नेस, दोन हेल्मेट आणि चांगला दोर एकट्या मजुराला परवडत नाही. गावच्या जमातीला किंवा ग्रामपंचायतीला ते जड नाही. मय्यतीचं सामान जसं जमात सगळ्यांसाठी ठेवते, तसंच हेही मस्जिदीच्या खोलीत ठेवता येईल, ज्याला लागेल त्याने न्यावं आणि परत आणून द्यावं. मे महिन्यातल्या एखाद्या जुम्याला नमाजनंतर वीस रुपयांच्या विम्याचे फॉर्म भरून घेता येतील. आणि पुढच्या वेळी आपल्या दारात कुणी कोयता घेऊन आला, तर दर विचारण्याआधी त्याला एवढं विचारू: बेल्ट आणलाय का?